नाचबंदी उठली, कुंपण राहिलं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं व्हीटन कॉलेज १८६० सालचं. इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या आणि धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये त्याला मोठा मान. प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम तिथेच शिकले. या कॉलेजच्या आवारात विद्यार्थ्यांना नाचायची परवानगी मिळाली ती २००३ साली. नोव्हेंबरमध्ये स्विंग बँड बोलावून पहिला नाच झाला. बायबलवरची श्रद्धा होती तशीच होती. मग बदललं काय?

१९२५ मध्ये टेनेसीत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला. खटला जिंकूनही याच परंपरेतल्या कडव्या ख्रिश्चनांची वर्तमानपत्रांतून यथेच्छ टिंगल झाली. त्यानंतर त्यांतल्या अनेकांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतलं आणि आपापली बायबल कॉलेजं, रेडिओ कार्यक्रम, प्रकाशनं उभी केली. १९४७ मध्ये त्यांच्यातलेच धर्मशास्त्रज्ञ कार्ल हेन्री यांनी आपल्याच लोकांना खडसावलं: युद्ध आणि वंशद्वेषावर तुम्ही गप्प का? धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांचा प्रवास तर उलट्या टोकाला गेला. १९६५ मध्ये ते धर्मोपदेशकांनी राजकारणात पडू नये असं सांगत होते आणि १९७९ मध्ये त्यांनीच ‘मॉरल मेजॉरिटी’ ही राजकीय संघटना काढली.

समाजशास्त्रज्ञ ख्रिश्चन स्मिथ यांनी १९९८ मध्ये याची उकल मांडली, आणि मला ती पटते. आधुनिक, बहुरंगी समाजात धर्म आपोआप क्षीण होतो, हे त्यांना मान्य नाही. जो गट बाहेरच्या जगात मिसळतो, पण ‘आपण वेगळे आहोत, आपल्याला विरोध आहे’ ही जाणीव जागी ठेवतो, तो तगतो. कुंपण लागतंच, ते कुठे घालायचं, हे मात्र समोर कोण उभं आहे यावर ठरतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा पीआरआरआय या संस्थेच्या सर्वेक्षणांत आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला लोकप्रतिनिधी सार्वजनिक काम सचोटीने करू शकतो का? २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार असताना, ७२ टक्के. पाच वर्षांत धर्मशास्त्र काही पालटलं नव्हतं. पालटला होता तो राजकीय सामना.

‘गोऱ्या’ हा शब्द इथे सोडून चालणार नाही. बायबलवर तितकीच श्रद्धा असलेले कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट मोठ्या संख्येने डेमोक्रॅट पक्षाला मत देतात, म्हणूनच अशी सर्वेक्षणं त्यांची मोजणी वेगळी करतात.