वजन घटवणारी कॅप्सूल आणि डबीवर नसलेला इशारा : पार्श्वभूमी

लोकलच्या डब्यात चिकटवलेली ‘वजन घटवा’ची जाहिरात, जिमच्या काउंटरवरचा फॅट बर्नरचा मोठा डबा, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारात ठोकमध्ये मिळणारी मेदनाशक गोळी. ग्राहकाला या तिन्ही वस्तू एकाच जातीच्या वाटतात. कायद्याच्या लेखी मात्र एक अन्न असू शकतं, दुसरं आयुर्वेदिक औषध आणि तिसरं ॲलोपॅथिक औषध. डबीवर कोणता इशारा छापायचा, हे आतला पदार्थ शरीरात काय करतो यावर ठरत नाही. ते उत्पादकाने कोणता परवाना घेतला यावर ठरतं. ही विभागणी कशी झाली हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, वापरलं जाई. तिथल्या कामगारांना प्रचंड घाम यायचा, ताप चढायचा, वजन उतरायचं, आणि काही दगावलेही. 1933 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच गुणधर्माकडे वजन घटवण्याचा उपाय म्हणून पाहिलं. पेशी अन्नातली ऊर्जा साठवतात. डीएनपी ती साठवण मोडतं आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. वजन खरंच घटतं. पण मात्रा थोडी जास्त झाली तर शरीर आतून तापत जातं, आणि पॅरासिटामॉलने तो ताप उतरत नाही, कारण तो मेंदूने वाढवलेला ताप नसतोच. शिवाय घेणाऱ्यांना, त्यांत तरुण स्त्रियाही होत्या, मोतीबिंदू होऊ लागले. तेव्हाच्या कायद्यात विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करायची अटच नव्हती. ती 1938 मध्ये आली, आणि तिला निमित्त ठरलं वेगळंच विष : डायइथिलिन ग्लायकॉल घातलेलं सल्फाचं पातळ औषध. त्याने 1937 मध्ये शंभरावर माणसं मारली. मुंबईकरांना हे नाव अनोळखी नाही. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले, ते याच रसायनाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनमुळे. चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमला गेला तो त्या प्रकरणात.

पुढची काही दशकं भूक मारणाऱ्या औषधांची : आधी ॲम्फेटामिन, मग फेनफ्लुरामिन. हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून फेनफ्लुरामिन 1997 मध्ये बाजारातून गेलं. त्यानंतर सिब्युट्रामिन आलं, तेही भूक मारणारंच. सुमारे दहा हजार रुग्णांवरच्या चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तेव्हा 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून आणि फेब्रुवारी 2011 मध्ये भारतातूनही हद्दपार झालं.

निदान कागदावर तरी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 ते 2016 या काळात 776 सप्लिमेंटमध्ये लपवलेली औषधं पकडली. त्यांतली 317 वजन घटवण्याची होती आणि त्यांपैकी जवळपास 85 टक्क्यांत सिब्युट्रामिन निघालं. ‘हर्बल’ म्हणवणाऱ्या गोळीने आठवड्याभरात भूक मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर शंका वनस्पतीपेक्षा या भेसळीची आधी घ्यावी. इथे लेबलाचे नियम कितीही कडक केले तरी उपयोग नाही. जो घटक छापलेलाच नाही त्याचा इशारा कोण छापणार?

भेसळ नसलेल्या मालाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती 1994 पासून सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेने सप्लिमेंटना अन्नाच्या वर्गात टाकलं. सुरक्षितता आधी सिद्ध करण्याऐवजी, धोका आहे हे सरकारने नंतर सिद्ध करायचं असं ठरलं. वजन घटवायला विकल्या जाणाऱ्या इफेड्रा या वनस्पतीवर बंदी यायला त्यामुळे 2004 उजाडलं. मधल्या काळात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यूंच्या तक्रारी साचत राहिल्या. 2013 मध्ये हवाईत ‘ऑक्सीइलाइट प्रो’ हे सप्लिमेंट घेणाऱ्यांना यकृतदाह झाला. काहींवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली, एक मृत्यू झाला. संशय होता एजेलिन या घटकावर. हे रसायन बेलाच्या पानात असतं. बेलाचा मुरांबा पिढ्यानपिढ्या पचला म्हणून त्यातलं एकच रसायन वेगळं काढून रोज घेतलेलं पचेल, असा अर्थ होत नाही. कोकमाचंही तसंच. गार्सिनियाच्या, म्हणजे कोकमाच्याच कुळातल्या फळाच्या, कॅप्सूलमध्ये बहुधा 60 टक्के हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं. 500 मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल घेतल्या की 900 मिलिग्रॅम पोटात जातं, आणि अशा अर्कांनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. सोलकढी पिणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

भारतात 1954 च्या ‘औषधे व जादूटोणा उपचार’ जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात लठ्ठपणा आहेच. तो बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करता येत नाही. पण त्याच कायद्यात शरीराच्या क्रियेवर परिणाम करणाऱ्या पदार्थांची व्याख्या करताना ‘अन्नाव्यतिरिक्त’ असे शब्द आहेत. वाट तिथे फुटली. ‘लठ्ठपणा घालवा’ याऐवजी ‘चयापचयाला साथ’ असं छापायचं आणि परवाना अन्नाचा घ्यायचा.

अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. हेल्थ सप्लिमेंटचे तपशीलवार नियम 2016 चे. ‘औषधी वापरासाठी नाही’, ‘सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये’, ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये’ ही वाक्यं तेव्हापासून डब्यांवर दिसतात. दुष्परिणाम, कोणी घेऊ नये आणि कोणत्या औषधांशी जमत नाही, हेही छापायला नियम सांगतो, मात्र ‘लागू असेल तिथे’. काय लागू आहे हे उत्पादक ठरवतो. आमच्या मते सगळी कमतरता या तीन शब्दांत आहे. आयुर्वेदिक परवान्यावरच्या मालाला ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना सक्तीची आहे ती विषारी द्रव्यांच्या यादीतलं काही आत असेल तरच, एरवी नाही.

ग्रीन टीच्या अर्कावरून फरक नीट कळतो. त्यातल्या ईजीसीजी या रसायनाचं दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रमाण यकृताची एन्झाइम्स वाढवतं, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नोंदवलं. 2022 च्या युरोपीय नियमानुसार एका दिवसाची मात्रा 800 च्या आत हवी आणि लेबलावर स्पष्ट छापायला हवं : उपाशीपोटी घेऊ नका, त्याच दिवशी ग्रीन टीची दुसरी उत्पादनं नकोत, गरोदर व स्तनदा स्त्रिया आणि 18 वर्षांखालच्यांसाठी नाही. आपल्याकडे अनेकदा नेमका उलटा सल्ला मिळतो, सकाळी रिकाम्या पोटी. उपाशीपोटी ईजीसीजी रक्तात कितीतरी जास्त उतरतं. हिशोब घरी करता येतो. ‘अर्क 500 मिग्रॅ, ईजीसीजी 50 टक्के’ म्हणजे कॅप्सूलमागे 250. दिवसाला चार म्हटल्या की 1000. टक्केवारीच छापलेली नसेल, किंवा ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून सगळ्यांची एकच बेरीज दिली असेल, तर हा हिशोब होत नाही आणि असा डबा परत ठेवलेला बरा. कॅफिनही असंच मोजावं, कारण ग्वाराना, ग्रीन कॉफी आणि कॅफिन वेगवेगळ्या ओळींवर लिहिलेलं असलं तरी काम एकच करतं.

सोनामुखी घातलेल्या ‘डिटॉक्स’ चहाने काट्यावर घटतं ते पाणी. रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

यकृताची इजा बहुधा काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी दिसते : थकवा, अन्नावरची वासना उडणं, गडद लघवी, पिवळे डोळे. मुंबईत हे पावसाळ्यात झालं की दूषित पाण्याची कावीळ म्हणून बोळवण होते. डॉक्टर औषधं विचारतात, पावडर-कॅप्सूल विचारत नाहीत; रुग्णही सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषध नसतंच. अशा वेळी कॅप्सूल लगेच बंद करून रक्तातलं एसजीपीटी, एसजीओटी आणि बिलिरुबिन तपासावं, यकृताची इजा त्यांत दिसते. हिपॅटायटिस ए आणि ई नाही हे पाहून घ्यावं आणि डबा डॉक्टरांपुढे ठेवावा. उरलेल्या कॅप्सूल फेकू नयेत.

डब्यावर 14 आकडी परवाना क्रमांक असेल तर तक्रार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे, आयुर्वेदिक किंवा ॲलोपॅथिक उत्पादन परवाना असेल तर औषध निरीक्षकाकडे. दोघंही राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचेच, मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. बिल, बॅच क्रमांक आणि डब्याच्या चारही बाजूंचे फोटो जोडावेत. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या क्रमांकावरही करता येते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 खाली ग्राहक स्वतः शुल्क भरून नमुना तपासून घेऊ शकतो, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावा लागतो. आणि अर्जात सिब्युट्रामिनसारख्या लपवलेल्या औषधांची तपासणी हवी असं नाव घेऊन लिहावं. नुसतं ‘तपासून द्या’ म्हटलं तर छापलेले घटक पडताळले जाण्याचीच शक्यता जास्त; न छापलेलं शोधायला वेगळी उपकरणं आणि वेगळी चाचणी लागते.