कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो?

मुंबईहून कुणी लेहला किंवा आल्प्सला निघालं की हा मेसेज हमखास येतो: डोंगराच्या उंच धारेवर दम लागला तर कापराची पुरचुंडी हुंगा, ऑक्सिजन वाढतो.

धारेवरही हवेत ऑक्सिजन दादरइतकाच, सुमारे २१ टक्के असतो. घटतो तो हवेचा दाब. ३,००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के भरतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. (इथून नेलेलं वेफर्सचं पाकीट तिथे टम्म फुगतं, तेही यामुळेच.) कापराने नाकात गारवा जाणवतो, मोकळं वाटतं, दाब तसाच राहतो.

ऑक्सिमीटरवर पडताळता येईल. बोट ऊबदार ठेवा आणि आधी दहा मिनिटं बसा, कारण विसाव्यानेच आकडा सुधारतो आणि श्रेय मात्र कापराला जातं. डोकं दुखून मळमळलं तर चढणं थांबवा. त्रास वाढला तर खाली उतरा.