घरी कुल्फी आणि पॉट आइस्क्रीम करताना
साचे विकत घेणाऱ्या व पॉट भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कुल्फीचे साचे नेलेले ग्राहक पुन्हा दुकानात येतात तेव्हा त्यांची तक्रार बहुधा एकच असते: चव उत्तम होती, पण खाताना बर्फाचे खडे लागले. साच्यात काही दोष आहे का, असेही काही जण विचारतात. एखादे झाकण सैल निघाले तर आम्ही ते आनंदाने बदलून देतो. पण खडे लागण्याचे कारण साच्यात नसून दुधातल्या पाण्यात असते.

गाईच्या दुधात साधारण 87 टक्के आणि म्हशीच्या दुधात साधारण 83 टक्के पाणी असते. हे पाणी सावकाश गोठले की बर्फाचे कण मोठे होतात, लवकर गोठले की बारीक राहतात, आणि गोठत असताना सतत ढवळले गेले तर त्यांना वाढायला सवडच मिळत नाही. कुल्फी साच्यात स्थिर गोठते, म्हणून तिच्यातले पाणी आधीच आटवून कमी करावे लागते. पॉटमध्ये मिश्रण फिरत राहते, त्यामुळे तिथे दूध इतके आटवण्याची गरज पडत नाही.

कुल्फी

1 लिटर म्हशीचे किंवा 6 टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध जाड बुडाच्या पसरट पातेल्यात मध्यम आचेवर ठेवावे. पातेले पसरट असले की वाफ लवकर निघून जाते आणि कडेला धरलेली साय खरवडून पुन्हा दुधात मोडता येते. कुल्फीला येणारा रवाळपणा या सायीचाच असतो. दूध 400 मिलिलिटरच्या आसपास येईपर्यंत, म्हणजे पाऊण ते एक तास, ढवळत आटवावे आणि साखर शेवटी घालावी. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून गरम असताना मिश्रण किंचित जास्त गोड लागले पाहिजे. मात्र साखरेमुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, त्यामुळे ती फार झाली तर कुल्फी रात्रभर ठेवूनही मऊच राहते. एवढ्या दुधाला 80 ते 100 ग्रॅम साखर पुरेशी होते.

इतका वेळ शेगडीजवळ उभे राहणे ज्यांना शक्य नाही त्यांनी दूध निम्मे आटवून त्यात खवा किंवा दुधाची पावडर मिसळावी. कंडेन्स्ड मिल्क वापरल्यास वेगळी साखर बहुधा लागत नाही. गार दुधात कालवलेले लहान चमचाभर कॉर्नफ्लोअर उकळत्या दुधात घातले तर तेही पाणी धरून ठेवते. त्याहून जास्त घातल्यास खीर गोठवल्यासारखी चव येते आणि आमच्या मते त्यापेक्षा थोडे खडे परवडले.

आंब्याची कुल्फी करताना रस नेहमी पूर्ण गार झालेल्या दुधात मिसळावा, कारण गरम दुधात आंब्यातील आम्लामुळे दूध फाटण्याची शक्यता असते. पायरीचा रस रेषा काढण्यासाठी गाळून घ्यावा. आंब्याच्या रसातही भरपूर पाणी असते, त्यामुळे रस जितका जास्त तितके दूध अधिक आटवलेले हवे. हंगामाच्या शेवटी फळ पाणचट लागत असेल, तर रसही मंद आचेवर थोडा आटवून गार करून घ्यावा. केशर कोमट दुधात भिजवून घालावे. घरात लहान मुले असतील तर बदाम-पिस्त्यांचे तुकडे न घालता पूड घालावी, कारण गार, कडक तुकडा घशात अडकू शकतो.

मिश्रण आधी फ्रिजमध्ये चांगले गार करावे आणि मगच साच्यात भरावे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, म्हणून साचा काठोकाठ न भरता वर अर्धे बोट जागा सोडावी. अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता लवकर बाहेर जाते, आणि याचा पूर्ण फायदा मिळण्यासाठी साचे एकावर एक न रचता फ्रीझरच्या तळाला टेकवून ठेवावेत. एका दाराच्या फ्रिजचा फ्रीझर उन्हाळ्यात पुरेसा थंड होत नाही; तो सर्वांत थंड अंकावर करून साचे रात्री ठेवले, तर दार सारखे उघडले जात नाही आणि आठ-नऊ तासांत कुल्फी पक्की होते. जिथे रात्री वीज जाते तिथे अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या कुल्फीत खडे होणारच, त्याला इलाज नाही. झाकण घट्ट लावावे, कारण दुधाला दुसऱ्या पदार्थांचा वास लगेच लागतो आणि शेजारी सुके बोंबील असतील तर वेलची काहीही करू शकत नाही.

साच्यातून कुल्फी काढताना तो दोन्ही तळहातांत फिरवावा किंवा नळाच्या साध्या पाण्यात काही सेकंद धरावा. गरम पाण्याने कुल्फीचा बाहेरचा थर वितळून जातो.

पॉट आइस्क्रीम

लाकडी बादली, तिच्यात धातूचा डबा, डब्यात पंखा आणि वर फिरवायचा दांडा, अशी पॉटची रचना असते. असा पंखा असलेल्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांना 1843 साली मिळाले आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. मीठ स्वतः थंडावा देत नाही. ते बर्फाला शून्य अंशाखालीही वितळायला लावते, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता बर्फ डब्यातल्या दुधाकडून ओढून घेतो. बर्फ व मिठाचे मिश्रण उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकते. घरच्या बादलीत इतके तापमान गाठले जात नाही, पण आइस्क्रीमला तेवढे लागतही नाही.

बर्फ लिंबाएवढ्या तुकड्यांत फोडून बादलीत थर द्यावेत आणि चार-पाच वाट्या बर्फाला एक वाटी खडेमीठ टाकावे. बारीक मीठ लगेच विरघळून खाली बसते, म्हणून ते टाळावे. मीठ फार झाले तर डब्याच्या कडेला दूध एकदम धरते आणि मधले पातळ राहते. मिश्रणात हवा मिसळून ते फुगत असल्याने डबा दोन-तृतीयांशच भरावा. सुरुवातीला सावकाश, मग जरा वेगाने फिरवत राहिल्यास साधारण अर्ध्या तासात दांडा जड होतो, आणि तिथे थांबावे. बादलीत साठणारे खारे पाणी सगळे काढून टाकू नये, कारण डब्याच्या अंगाला तेच भिडलेले असते. फक्त ते झाकणाच्या वर चढणार नाही एवढे पाहावे. झाकण उघडण्यापूर्वी ते पुसून घ्यावे, नाहीतर सगळी मेहनत खारट होते. पंखा काढून आइस्क्रीम दाबून बसवावे, पुन्हा बर्फ-मीठ घालून बादली गोणपाटाने झाकावी आणि तासभर तशीच ठेवावी. दांडा फिरवायला मुले आपणहून रांग लावतात; त्यांना उघड्या हाताने खारा बर्फ धरू देऊ नये, त्याने त्वचेला इजा होते.

बर्फाबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळसर रंग मिसळण्याचे बंधन महाराष्ट्रात 2018 पासून आहे. असा बर्फ डब्याबाहेर वापरायला हरकत नाही, परंतु गोळा किंवा सरबतासाठी तो मुळीच घेऊ नये. गोळ्यासाठी घरी उकळून गार केलेल्या पाण्याचाच बर्फ करावा. त्यावर घालायला कोकमाचे गोड अमृत चालते, आगळ चालत नाही, कारण त्यात मीठ असते.

साचे व पॉट यांची निगा

कोकम, कैरी, लिंबू अशा आंबट मिश्रणांसाठी अ‍ॅल्युमिनियमचे साचे वापरू नयेत; त्यासाठी आमच्याकडे स्टीलचे साचे आहेत. धुण्याच्या सोड्याने अ‍ॅल्युमिनियम काळे पडते, म्हणून कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा, आणि झाकणातली रबरी कडी काढून वेगळी धुवावी, कारण तिच्या खाचेत राहिलेल्या दुधाला दुसऱ्याच दिवशी वास येतो. लाकडी बादली कोरडी पडली की फळ्या आकसून फटी पडतात. ज्यांनी स्वतःचा पॉट घेतला आहे त्यांनी वापराच्या आदल्या रात्री ती पाण्याने भरून ठेवावी. भाड्याचे पॉट आम्ही भिजवूनच देतो. परत आणताना दांड्याच्या दातेरी चाकांवरचे मीठ साध्या पाण्याने धुऊन आणावे, अशी विनंती आहे.