दोन तोतये, मेलेला राजपुत्र एकच

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचा तोतया आपल्याला ऐकून माहीत असतो. रशियात एकाच राजपुत्राचे तोतये एकामागून एक आले. त्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या खोट्या दिमित्रीची हमखास गल्लत होते. नाव एक, बायको एक, मधे वर्षभराचं अंतर, गल्लत होणारच.

खरा दिमित्री म्हणजे रशियाचा त्सार (म्हणजे झार, राजा) 'इव्हान द टेरिबल' याचा धाकटा मुलगा. मे १५९१ मध्ये उग्लिच गावी गळ्याला सुरी लागून तो गेला, वय आठ. चौकशीला गेलेल्या सरदार वासिली शुइस्कीच्या मंडळाने निष्कर्ष काढला, की सुरी घेऊन खेळताना पोराला फेफरं आलं. गावाने घंटा बडवून दंगा केला होता, म्हणून त्या घंटेचीही जीभ काढून तिला सैबेरियात हद्दपार केलं. (ती परत आली १८९२ मध्ये!)

पहिला तोतया १६०३ मध्ये पोलंड-लिथुआनियात प्रकटला. "मी तोच, उग्लिचमधून वाचलो," एवढाच त्याचा दावा. मॉस्कोच्या मते तो मठातून पळालेला ग्रिगोरी ओत्रेप्येव. पण त्सार बोरिस गोदुनोव १६०५ मध्ये अचानक वारला, त्याचा सोळा वर्षांचा मुलगा फ्योदोर दोनेक महिन्यांतच मारला गेला, आणि हा पठ्ठ्या थेट क्रेमलिनमध्ये. विधवा राणी, म्हणजे खऱ्या दिमित्रीची आई, तिनेही चारचौघांत त्याला मुलगा म्हणून कवटाळलं. पुढे रीतसर राज्याभिषेक झाला. मे १६०६ मध्ये पोलिश मारिना म्निशेकशी लग्न, आणि नऊ दिवसांनी खून. प्रेत लाल चौकात मांडलं, तोंडावर मुखवटा. तिथेच चूक झाली. चेहरा झाकलेला, म्हणजे तो हा नव्हेच, अशी कुजबुज सुरू झाली.

दुसरा त्या कुजबुजीवरच उभा राहिला. १६०७ मध्ये स्तारोदुबला प्रकटलेला हा माणूस म्हणत होता, की उग्लिचमधून तर वाचलोच, मॉस्कोतूनही वाचलो. म्हणजे हा दिमित्रीचा तोतया कमी आणि तोतयाचा तोतया जास्त. म्हणून याच्या बाबतीत आईपेक्षा बायकोची साक्ष मोलाची ठरली. मारिनाने ती दिली. परक्या माणसाला नवरा म्हणून ओळखलं. तिच्यापुढे पर्याय काय होते, हा प्रश्न मला तरी सतावतो.

लक्षात ठेवायला सोपं म्हणजे, पहिला मॉस्कोत शिरला, दुसऱ्याला ते कधीच जमलं नाही. तो शहराबाहेर तुशिनोत छावणी टाकून बसला, स्वतःचा दरबार आणि स्वतःचा धर्मगुरूही उभा केला. पहिल्याला निदान त्सारांच्या यादीत जागा मिळाली, याला 'तुशिनोचा चोर' एवढंच नाव चिकटलं. डिसेंबर १६१० मध्ये कालुगाजवळ त्याच्याच रक्षकांतल्या प्योत्र उरुसोवने त्याला मारलं.

शुइस्की मधल्या काळात स्वतः त्सार झाला होता. १५९१ मध्ये 'अपघात' म्हणणाऱ्या या गृहस्थाने आता 'बोरिसने खून करवला' असं जाहीर केलं आणि पोराला संतपद मिळवून दिलं.

दुसऱ्याच्या मृत्यूनंतर मारिनाला मुलगा झाला, इव्हान. १६१४ मध्ये, जेमतेम तीन वर्षांच्या त्या पोराला मॉस्कोत फासावर चढवलं. तेव्हा गादीवर मिखाईल रोमानोव होता. त्याचे वडील फिलारेत म्हणजे पहिल्या तोतयाने बढती दिलेले आणि दुसऱ्याने तुशिनोत नेमलेले तेच धर्मगुरू.