ऊर्जाबचत दिवे

जुन्या तारेच्या बल्बपेक्षा बरीच कमी वीज घेऊन तितकाच उजेड देणारे दिवे. सीएफएल (वळवलेल्या नळीचा, छोट्या ट्यूबलाइटसारखा दिवा) आणि एलईडी हे त्यांचे दोन मुख्य प्रकार. नवा दिवा घ्यायचा तर एलईडीच घ्यावा.

निवड करताना घोळ होतो तो वॅटमुळे. वॅट हे विजेच्या वापराचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. ६० वॅटचा तारेचा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन देतो. तेवढ्यासाठी सीएफएलला १३ ते १५ वॅट लागतात, एलईडीला ८ ते ९. रोज ५ तास लावल्यास ३० दिवसांत तारेचा बल्ब ९ युनिट वीज घेतो, तर ९ वॅटचा एलईडी १.३५ युनिट. तारेच्या बल्बमध्ये बहुतेक वीज उष्णता होऊन वाया जाते.

होल्डरवर किंवा शेडवर लिहिलेली वॅटमर्यादा या उष्णतेसाठीच असते. ती ओलांडली की होल्डर करपतो, वायरचे आवरण कडक होऊन तडकते आणि शॉर्टसर्किट होऊ शकते. मर्यादा ताडताना दिव्याचे प्रत्यक्ष वॅट धरावेत. खोक्यावरचा ‘६० वॅटइतका उजेड’ हा आकडा इथे लागू नाही. एलईडीही तापतो, मात्र तळाशी. हवा न खेळणाऱ्या बंद शेडमध्ये त्याच्या ड्रायव्हरमधला (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या तळातल्या सर्किटमधला) कपॅसिटर हा भाग लवकर खराब होतो आणि दिवा लुकलुकू लागतो. डिमरवर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, साधा एलईडी लावल्यासही तो लुकलुकू शकतो.

बटण बंद असूनही एलईडी मंद तेवत असेल तर दुर्लक्ष करू नये. कधी बटणातल्या इंडिकेटरच्या छोट्या दिव्यामधून झिरपणारा किंचित प्रवाह त्याला पुरतो. पण कधी बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले असते, आणि तेव्हा बटण बंद करूनही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो. अशी जोडणी वायरमनकडून दुरुस्त करून घ्यावी. दिवा बदलताना म्हणूनच नुसत्या बटणावर विसंबू नये. मेन स्विच बंद करावा, दिवा निवू द्यावा, हात कोरडे असावेत. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकालाच हवा; तो आट्यांच्या कड्याला जोडलेला असल्यास दिवा फिरवताना धक्का बसू शकतो.

सीएफएल नळी धरून पिळू नये, तळाचा प्लास्टिकचा भाग धरावा. नळीत थोडा पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडून १० ते १५ मिनिटे खोलीबाहेर थांबावे, तुकडे जाड कागदाने उचलून झाकणाच्या बरणीत भरावेत, जागा ओल्या कागदाने पुसावी. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरल्यास पारा आणखी पसरतो.