कार्ल फ्रीड्रिख गाउस : बालपण

(३० एप्रिल १७७७ – २३ फेब्रुवारी १८५५). जर्मन गणितज्ञ, खगोलशास्त्रज्ञ व भौतिकीविज्ञ. जन्म ब्राउनश्वाइग येथे, गरीब घरात. वडील गवंडीकाम, बागकाम असे मिळेल ते काम करीत. आईला लिहिता येत नव्हते. मुलाची जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. तो बुधवार होता आणि येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस उरले होते, एवढे मात्र पक्के लक्षात होते. हा सण ईस्टरवरून ठरतो (ईस्टरनंतर ३९ दिवसांनी) आणि ईस्टर दरवर्षी मागेपुढे होतो. कोणत्याही वर्षाचा ईस्टर काढण्याची रीत गाउस यांनी १८०० मध्ये प्रसिद्ध केली. १७७७ चा ईस्टर ३० मार्चला होता. त्यावरून आईचा बुधवार ३० एप्रिलचा ठरतो.

त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी बहुतेक त्यांनीच उतारवयात सांगितलेल्या आहेत, त्यामुळे त्या जरा जपूनच घ्याव्यात. तिसऱ्या वर्षी त्यांनी वडिलांच्या मजुरीच्या हिशेबातली चूक दाखवली, ही त्यांपैकीच एक. सर्वांत गाजलेली गोष्ट शाळेतली. ब्युटनर मास्तरांनी वर्गाला एक लांबलचक बेरीज घातली. ज्याची आधी होईल त्याने पाटी टेबलावर ठेवायची, पुढच्याने तिच्यावर. गणित सांगून होते न होते तोच नऊ वर्षांच्या गाउसने पाटी ठेवली आणि गावच्या बोलीत म्हटले, ‘ही घ्या.’ शेवटी पाट्या उलटल्या तेव्हा त्याच्या पाटीवर एकच आकडा होता, आणि तो बरोबर होता. बेरीज १ ते १०० ची होती असे आज सर्रास सांगतात (१ + १००, २ + ९९ अशा ५० जोड्या, उत्तर ५,०५०). पण स्नेही झार्टोरियस यांच्या १८५६ च्या चरित्रात ती केवळ एक अंकगणिती श्रेढी (सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांची मालिका) आहे. १०० हा आकडा मागाहून चिकटला.

मास्तरांचा मदतनीस बार्टेल्स गाउसपेक्षा आठच वर्षांनी मोठा. दोघे मिळून गणिताची पुस्तके वाचत. याच बार्टेल्सने पुढे रशियातल्या कझानला लोबाचेव्हस्कीला, म्हणजे अयुक्लिडीय भूमितीच्या एका जनकाला, शिकवले. १७९१ पासून ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने गाउसचा खर्च उचलला.

बेरजेच्या गोष्टीपेक्षा लॉगरिदमच्या (एखादी संख्या ठरलेल्या पायाचा कितवा घात आहे ते सांगणाऱ्या आकड्यांच्या) कोष्टकांची हकीकत अधिक बोलकी आहे. १७९२–९३ च्या सुमारास, पंधराएक वर्षांचे असताना, ती त्यांच्या हाती पडली. सोबत मूळ संख्यांची (१ व स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांची) यादीही होती. रिकामा पाव तास मिळाला की ते एखादा हजारांचा गट घेऊन त्यातल्या मूळ संख्या मोजत. पहिल्या हजारात १६८, दुसऱ्यात १३५, तिसऱ्यात १२७. ही घट मनमानी नाही, लॉगरिदमशी बांधलेली आहे, हे त्यांनी ओळखले : हजाराच्या आसपास सुमारे सात संख्यांत एक मूळ, दहा लाखांच्या आसपास चौदांत एक. त्यांनी हे छापले नाही. १८४९ मध्ये एंके या खगोलशास्त्रज्ञाला पत्रातून कळवले. सिद्धता १८९६ मध्ये आदामार व द ला व्हाले पूसँ या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे दिली.

३० मार्च १७९६ रोजी, एकोणिसावे वर्ष पुरे व्हायला महिना असताना, पट्टी व कंपासने १७ बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे त्यांना उमगले. भाषाशास्त्र की गणित हा घोळ तोवर चालू होता. त्या दिवशी तो मिटला. गाउस यांच्या गणिती रोजनिशीतली पहिली नोंद याच शोधाची आहे.