लॅपटॉप हळू चालतोय? टाकून देण्याआधी एकदा उघडून बघू

लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं की कुठलाही जुना लॅपटॉप पळायला लागतो, असं ऐकून बरेच जण आमच्या दुरुस्तीच्या दुकानात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून तर जास्तच. लिनक्स हलकं असतं हे खरं. पण घोडं कुठे अडलंय ते न बघता टाकलं, तर हळू विंडोज जाऊन हळू लिनक्स येतं, एवढंच.

बहुतेक वेळा घोडं अडतं हार्ड डिस्कपाशी. डिस्कचा बारीक दिवा न थांबता लुकलुकत असेल आणि कान लावल्यावर आतून कुरकुर ऐकू येत असेल, तर प्रोसेसरला नावं ठेवू नका. तो बिचारा फाइल यायची वाट बघत बसलेला असतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. तिच्या जागी बसणाऱ्या, चिपवर साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे शोधाशोधीचा वेळ वाचतो. साधी साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते. लॅपटॉपची जुनी डिस्क १००च्या आसपास. एकच खर्च करायचा असेल तर हा करा. २५६ जीबी पुष्कळ झाली. फोटो जुन्या डिस्कवरच राहू द्या, तिला यूएसबी केसिंग बसवून देतो.

मग रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ४ जीबीवर नीट चालते. २ जीबीवरही चालू होते, पण ब्राउझर उघडला की तिला दम लागतो. शक्य असेल तर ८ करून घ्या. रॅम तुम्हीच आणणार असाल तर आणण्याआधी मशीन दाखवा. डीडीआर३ (१.५ व्होल्टची) आणि डीडीआर३एल (१.३५ व्होल्टची) या रॅम दिसायला सारख्याच असतात, पण १.३५ व्होल्टच्याच लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची रॅम चालत नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर आम्ही झीरॅम चालू करून देतो. गादी दाबून ट्रंकेत बसवावी तसा रॅममधला निवांत पडलेला मजकूर त्याने दाबून ठेवला जातो, आणि डिस्कवर जायची वेळ कमी येते.

‘स्वॅपीनेस (रॅममधला मजकूर लिनक्सने किती लवकर बाहेर हलवायचा तो आकडा) ६०चा १० करा’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणारच. झीरॅम असेल तर तो उलटा पडतो. घरी करू नका.

रॅम भरलेली दिसली म्हणूनही फोन येतात. रिकाम्या रॅममध्ये लिनक्स वाचलेल्या फाइली ठेवतं आणि गरज पडली की जागा सोडतं. ‘वापरात’ऐवजी ‘उपलब्ध’चा आकडा बघा. तो सतत तळाला असेल तर गुन्हेगार बहुधा ब्राउझरच. तीस टॅब उघडे ठेवून आमच्याकडे बघण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही. मागच्या महिन्यात एक लॅपटॉप आला होता. दहा मिनिटं झकास चालायचा, मग रेंगाळायचा. खालचं झाकण काढलं तर पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीमध्ये धुळीचा घट्ट थर बसलेला, गोधडीच्या तुकड्यासारखा. चिमट्याने अख्खा उचलून निघाला. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली, काम झालं. बांधकामाशेजारी राहत असाल तर वर्षातून एकदा हे करून घ्याच.

लिनक्स टाकायच्या आधी दोन गोष्टी सांगा: हिशेबाचं टॅली वापरता का, आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइली आहेत का. दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजची आहेत. अशा वेळी विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवून देतो. युनिकोड मराठीची काही अडचण नाही, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड लावूनच मशीन हातात देऊ.

येताना डेटाची कॉपी काढून आणा. आणि चार्जर विसरू नका. जुन्या बॅटरीच्या भरवशावर आम्ही इन्स्टॉलेशन सुरू करत नाही.